कैकाडी (वि.जा.-अ) विद्यार्थ्यांची जात पडताळणी: आजोबा शाळेत गेले नाहीत, जमीनही नव्हती, मग १९६१ पूर्वीचा पुरावा कुठून काढायचा?

वर्गशिक्षक_विज्ञान यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावी विज्ञानाच्या मुलांचे जात पडताळणीचे अर्ज भरून घेतले जातात. या वर्षी कैकाडी समाजाचे पाच विद्यार्थी आहेत. सगळी कुटुंबं मूळची सोलापूर जिल्ह्यातली, आता पुणे परिसरात राहणारी. अभियांत्रिकी आणि फार्मसीला जायचंय. अडचणी अशा:

१. पालकांना जातीचा दाखला पुण्यातूनच काढायचा आहे, कारण राहणं इथलं, आधार-रेशनकार्ड इथलं. चालेल का?

२. विमुक्त जातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही मानीव तारीख आहे, म्हणजे त्याआधीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा हवा. तिघांचे आजोबा शाळेत गेलेले नाहीत. टोपल्या-कणग्या विणायचे, गावोगाव फिरायचे. सातबारा नाही.

३. एका मुलीच्या वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात फक्त 'हिंदू' आहे. शाळेकडून दुरुस्त करून घ्यावं का?

४. एकाच्या चुलत भावाकडे वैधता प्रमाणपत्र (पडताळणी पूर्ण झाल्यावर समिती देते ते) आहे. तेवढ्यावर काम होईल का?

५. नॉन-क्रिमीलेअर (उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र) आत्ता काढावं की प्रवेशाच्या वेळी?

मुलं हुशार आहेत. कागदापायी एकाचीही जागा जाऊ नये असं वाटतं. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

अभिलेखकक्ष यांचं उत्तर

सर, अकरावीतच विचारलंत हे फार चांगलं केलंत. बहुतेक अर्ज सीईटीचा निकाल लागल्यावर येतात आणि तेव्हा जुन्या नोंदी शोधायला वेळच उरत नाही.

पहिला प्रश्न आधी, कारण तिथे चुकलं की पुढचं सगळं चुकतं. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात, पण सध्या राहता त्या ठिकाणचे नव्हेत. मानीव तारखेला पूर्वजांचं वास्तव्य जिथे होतं, तिथले. पूर्वज पंढरपूर तालुक्यातले असतील तर अर्ज पंढरपूर उपविभागात, बार्शीचे असतील तर बार्शी तालुका ज्या उपविभागात येतो तिथे. आणि ज्या जिल्ह्यातून दाखला निघाला, त्याच जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे पुढचा अर्ज जातो. पुण्यातून कसाबसा दाखला मिळवला तरी समितीसमोर अधिकारक्षेत्राचा मुद्दा येतो. मग दाखला रद्द, सोलापुरातून नवा दाखला, नवा अर्ज. यात एक शैक्षणिक वर्ष सहज जातं. पालकांना सोलापूरच्या दोन फेऱ्या जड वाटतात हे खरं, पण त्या टाळू नका. तहसीलदारांच्या सहीचे जुने दाखले घरात असतील तर तेही थेट चालणार नाहीत. २००० चा जात प्रमाणपत्र कायदा (महाराष्ट्र अधिनियम २३, सन २००१) १८ ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला, त्यानंतरच्या विहित नमुन्यातला दाखलाच लागतो. जुना दाखला पूरक कागद म्हणून जोडा.

आता दुसरा प्रश्न. इथे लोकांचा एक गैरसमज पक्का बसलेला असतो: कागद जितके जास्त तितकं बरं. समिती कागद मोजत नाही. विद्यार्थ्यापासून १९६१ पूर्वीच्या एका माणसापर्यंत साखळी जुळते का, एवढंच पाहते. साखळीत तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात: तो माणूस कैकाडी होता, तो सोलापूर जिल्ह्यात राहत होता, आणि तो या मुलाच्या वडिलांकडचा रक्तनातेवाईक आहे. तिसरी गोष्ट सर्वांत जास्त वेळा तुटते.

तो माणूस आजोबाच असला पाहिजे असं मुळीच नाही. चुलत आजोबा, आजोबांची बहीण, वडिलांचे सर्वांत थोरले चुलते, वडिलांची आत्या, कोणीही चालतं. आजोबा शाळेत गेले नसतील, पण त्यांचा धाकटा भाऊ १९५६ साली एखाद्या जीवन शिक्षण मंदिरात पहिलीत दोन महिने बसला असेल, तर त्या शाळेच्या जनरल रजिस्टरात नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख सगळं सापडतं. म्हणून आधी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला बसवून वंशावळ लिहून काढा: खापरपणजोबांपासून खाली, सगळी भावंडं, सगळ्या मुली, टोपणनावांसह. मग प्रत्येक नावापुढे लिहा: जन्म अंदाजे कधी, कोणत्या गावी, शाळा कोणती, मृत्यू कधी आणि कुठे. शोध या यादीवरून घ्यायचा.

शाळेत काहीच नसेल तर गाव नमुना नंबर १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही (विदर्भात हिलाच कोतवाल बुक म्हणतात). जुन्या नोंदवह्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. जन्माच्या नोंदीत बापाचं नाव आणि जात असते, बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच. त्यामुळे 'आमच्या आजोबांचं नाव सापडत नाही' म्हणून वही मिटू नका, पणजोबांच्या नावावर शोधा. मृत्यूची नोंद त्याहून उपयोगी, कारण तिथे मेलेल्या माणसाचं नाव आणि जात दोन्ही असतात. नकलेसाठी अर्ज करताना गाव आणि सलग पाच-सहा वर्षांची मुदत लिहा. एकच वर्ष लिहिलं की 'नोंद आढळून येत नाही' असं उत्तर येतं, कारण घरच्यांनी सांगितलेलं साल दोन-तीन वर्षांनी मागेपुढे असतंच.

भटक्या-विमुक्तांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. जुन्या वह्यांत आडनाव नसतं. नाव, बापाचं नाव आणि आडनावाच्या जागी 'कैकाडी' असं लिहिलेलं असतं. हा जातीचा अतिशय चांगला पुरावा आहे, पण आज कुटुंब जाधव, गायकवाड किंवा माने लावतं. मग वहीतला तो माणूस म्हणजेच या जाधवांचा पणजोबा, हे जोडणारा कागद लागतो. शेती असती तर वारसाच्या फेरफाराने हे काम झालं असतं. ती नसेल तर गावठाणातल्या घराचा नमुना ८ चा उतारा, जुनी मतदार यादी, आजोबांच्या भावाच्या शाळेच्या नोंदीतलं वडिलांचं नाव, असं काहीतरी जोडावं लागतं.

सोलापूरच्या कुटुंबांसाठी तर आणखी एक वाट आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. कैकाडी, भामटा, पारधी अशा अनेक जमातींची कुटुंबं तिथे डांबलेली होती. त्या वस्तीशी संबंधित शाळांच्या रजिस्टरांत त्या काळातल्या मुलांची जात स्पष्ट लिहिलेली सापडते. घरातलं कोणी सेटलमेंटमध्ये होतं का, हे वयस्कांना जरूर विचारा. पुष्कळदा लोक ते लाजेने सांगत नाहीत. त्यात लाजण्यासारखं काही नाही, अन्याय सरकारने केला होता, आणि आता त्याच काळातली नोंद नातवाच्या कामी येऊ शकते.

---

सेतू_मदत यांचं उत्तर

चौथ्या प्रश्नापुरतं. चुलत भावाची वैधता असेल तर बाकी कशाची गरज नाही. ती जोडा आणि अर्ज करा. २०१० चा अपूर्वा निचळे निर्णय आहे मुंबई उच्च न्यायालयाचा. रक्ताच्या नात्यातल्या एकाला वैधता मिळाली की दुसऱ्याला नाकारता येत नाही.

---

दक्षता_चौकशी यांचं उत्तर

सेतू_मदत, निर्णय बरोबर सांगितलात, पण 'बाकी कशाची गरज नाही' हे वाचून कोणी नुसती झेरॉक्स जोडेल आणि अडकेल. त्या निर्णयाचा फायदा तीन गोष्टी जुळल्या तर मिळतो.

पहिली, तो खरोखर वडिलांकडचा चुलत भाऊ हवा. आपल्याकडे मावसभाऊ, आतेभाऊ, भावकीतला कोणीही 'चुलतभाऊ' होतो. आत्याची स्वतःची वैधता चालते, कारण तिची जात तिच्या वडिलांची. आत्याच्या मुलाची चालत नाही. आईकडची तर नाहीच.

दुसरी, त्या चुलत भावाने आपल्या अर्जात जी वंशावळ शपथेवर दिली आहे, तिच्यात या मुलाच्या वडिलांचं नाव हवं. समिती दोन्ही वंशावळी शेजारी ठेवते. त्याने तीन काका लिहिले आणि आपण चार लिहिले, तर चौथा कुठून आला हा प्रश्न येतोच. म्हणून नवी वंशावळ लिहिण्याआधी जुन्या फाइलीतली वंशावळ त्या भावाकडून मागून घ्या. त्याच्याकडे प्रत नसेल तर त्याने स्वतः समितीकडे नकलेचा अर्ज करावा. जुन्या वंशावळीत एखादं नाव चुकून राहिलं असेल तर लपवू नका. त्या भावाचं किंवा त्याच्या वडिलांचं नव्या अर्जासोबत शपथपत्र द्या, 'अमुक नाव नजरचुकीने राहिले' असं स्पष्ट लिहून, आणि नात्याचा एखादा स्वतंत्र कागद जोडा.

तिसरी, ती वैधता समितीने नीट चौकशी करून, कारणं देऊन दिलेली हवी. कागद लपवून किंवा खोटा दाखवून मिळवलेली असेल तर ती धरून चालायला समिती बांधील नाही. उलट जुनी फाइलही उघडली जाते आणि घरातल्या दोघांचं नुकसान होतं.

म्हणून वैधता जोडाच, पण तिच्यासोबत जुना मूळ पुरावाही जोडा.

आता तिसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे दाखल्यावरचा 'हिंदू'. सर, कळकळीने सांगतो, शाळेत जाऊन ओळखीने काहीही लिहून घेऊ नका. समितीच्या दक्षता (चौकशी) पथकाचा अधिकारी दाखला पाहून थांबत नाही, शाळेत जाऊन मूळ रजिस्टर उघडतो. तो काय बघतो? त्या ओळीची शाई आजूबाजूच्या ओळींसारखी आहे का, अक्षर तेच आहे का, रकान्यात शब्द कोंबलेला आहे का, 'हिंदू'च्या पुढे नंतर 'कैकाडी' जोडलंय का, खाडाखोडीवर मुख्याध्यापकांची सही आणि तारीख आहे का. खरा कैकाडी असलेला मुलगा अशा एका भर घातलेल्या शब्दामुळे बनावट ठरतो. जात प्रमाणपत्र कायद्याच्या कलम ११ खाली सहा महिने ते दोन वर्षांची सक्तमजुरी आहे, ती वेगळीच.

शाळा सोडून गेलेल्या माणसाच्या नोंदीत माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे उघड लेखनदोष तेवढा दुरुस्त होऊ शकतो, तोही शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. आज घाईने केलेली दुरुस्ती जुना पुरावा म्हणून काहीच वजन देत नाही. 'हिंदू' ही नोंद कैकाडी असण्याच्या विरुद्धही नाही, ती फक्त अपुरी आहे. पहिल्यांदा वडिलांच्या प्राथमिक शाळेचा उतारा काढा. पुष्कळदा हायस्कूलच्या कारकुनाने जात लिहिलेली नसते, पण जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या प्रवेशावेळी ती लिहिलेली असते. मग चुलते आणि आत्या यांचे उतारे काढा. अर्जासोबत जे खुलाशाचं पत्र द्याल त्यात सरळ लिहा की माध्यमिक नोंदीत जात नाही, प्राथमिक नोंदीत आहे. आपण होऊन सांगितलेल्या त्रुटीवर आणि चौकशीत सापडलेल्या त्रुटीवर अधिकाऱ्याची नजर वेगळी असते.

स्पेलिंगवरून घाबरू नका. 'कैकाडि', 'कैकडी', 'हिं. कैकाडी' हे सगळं चालतं.

आणि गृहचौकशीबद्दल थोडं. अधिकारी घरी येतो तेव्हा मूळ गाव, कुलदैवत, सोयरिकी कोणत्या कुळांत होतात, लग्न-मर्तिकाच्या रीती, पारंपरिक धंदा, घरातली बोली असं विचारतो. पुण्यात वाढलेल्या मुलाला कैकाडी बोली येत नसते, आणि पालक त्याला चार वाक्यं पाठ करून बसवतात. असं करू नका. घरातली वडीलधारी बाई किंवा बाप्या त्या दिवशी घरी असू द्या, ते आपोआप सांगतात. अशी आप्तभाव चाचणी ही एकमेव कसोटी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२३ रोजी ठाकूर जमातीच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. कागद भक्कम असतील तर समितीने सरसकट दक्षता चौकशीला पाठवायचीही गरज नाही, कागदांवर समाधान झालं नाही तरच पाठवायचं, हेही त्याच निकालात आहे.

---

वर्गशिक्षक_विज्ञान

तिघांचेही आभार. आजच वंशावळीचे कोरे तक्ते छापून मुलांकडे दिले.

आणखी दोन शंका. एका पालकांचे नातेवाईक नागपूरला आहेत, ते म्हणतात की कैकाडी अनुसूचित जातीत येतात, तुम्ही तसाच दाखला काढा, फी आणि शिष्यवृत्ती जास्त मिळेल. खरं काय? दुसरं, एका मुलीला आईनेच वाढवलंय. वडिलांकडच्या लोकांशी संबंध नाही आणि ते कागद द्यायला तयार नाहीत.

---

अभिलेखकक्ष

नागपूरचे नातेवाईक खोटं सांगत नाहीत, पण त्यांचं तुम्हाला लागू नाही. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत कैकाडी आहेत ते फक्त अकोला, अमरावती, भंडारा, बुलढाणा, नागपूर, वर्धा, यवतमाळ आणि राजुरा तालुका वगळता चंद्रपूर या जिल्ह्यांपुरते. उरलेल्या महाराष्ट्रात कैकाडी विमुक्त जाती-अ मध्ये. एकाच समाजाच्या दोन भावांना केवळ जिल्ह्याच्या रेषेमुळे दोन वेगळ्या प्रवर्गांत टाकणारी ही तरतूद अन्यायाची आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि समाजाची क्षेत्रबंधन उठवण्याची मागणी जुनी आहे. पण आज कायदा हा आहे. सोलापूरचं कुटुंब नागपूरला राहायला गेलं म्हणून अनुसूचित जातीत जात नाही. त्या प्रवर्गासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचं त्या क्षेत्रातलं वास्तव्य दाखवावं लागतं. असा दाखला काढला तर पडताळणीत तो टिकणार नाही आणि मुलाच्या खऱ्या, वि.जा.-अ च्या दाव्यावरही संशय येईल.

मुलीच्या बाबतीत: जन्म-मृत्यूच्या नोंदीची नक्कल मिळवायला वडिलांच्या नातेवाइकांची परवानगी लागत नाही. शाळेच्या उताऱ्यासाठी मुलीने स्वतः अर्ज करावा, सोबत तिचा जन्मदाखला, ज्यात वडिलांचं नाव आहे. सरळ वारस म्हणून ती मागू शकते. वडिलांकडच्या कोणाची वैधता झाली आहे एवढं जरी कळलं तरी नाव आणि जिल्हा अर्जात नोंदवा. फाइल समितीकडेच असते आणि ती मागवून पाहण्याची विनंती लेखी करता येते.

आई दुसऱ्या जातीची आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आई-वडील वेगवेगळ्या जातींचे असतील तर मूल वडिलांच्या जातीचं हे गृहीतक असतं. पण ते खोडता येतं, मूल आईच्या समाजात वाढलं, त्या समाजाचे चटके त्याने सोसले, हे पुराव्याने दाखवून. २०१२ च्या रमेशभाई नाईका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलं. मात्र हा रस्ता लांबचा आहे. आई-वडील दोघेही कैकाडी असतील तर त्यात शिरू नका, वडिलांकडचाच पुरावा शोधा.

---

शिष्यवृत्ती_कक्ष यांचं उत्तर

पाचवा प्रश्न राहिला, आणि त्याच्याच जोडीने प्रवेश-शिष्यवृत्तीचं.

नॉन-क्रिमीलेअर विमुक्त जाती-भटक्या जमातींना (वि.जा.-भ.ज.) लागतं. मर्यादा ८ लाख, सलग तीन वर्षांचं उत्पन्न पाहतात. पगार आणि शेतीचं उत्पन्न त्या ८ लाखांत मिळवायचं नसतं. पालक सरकारी नोकरीत असतील तर त्यांचा हुद्दा कोणत्या वर्गातला हे वेगळं पाहतात. तलाठ्याच्या अहवालात पगार मिळवून आकडा फुगवला की अर्ज चुकीने नाकारला जातो, म्हणून अर्जातच उत्पन्नाचे स्रोत वेगवेगळे दाखवा. तुमच्या मुलांच्या घरी मजुरी किंवा छोटा धंदा असेल तर तहसीलदारांचा तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला पुरेसा होतो.

मुदतीकडे मात्र नीट बघा. या प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, मग ते एका वर्षाचं असो वा तीन वर्षांचं. राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशाला प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातला ३१ मार्च झाकणारं प्रमाणपत्र लागतं. २०२६-२७ च्या प्रवेशासाठी ३१ मार्च २०२७ पर्यंत वैध. म्हणजे आज अकरावीत असलेल्या मुलाने आत्ताच एका वर्षाचं काढलं तर ऐन प्रवेशावेळी ते मेलेलं असतं. अकरावीत जातीचा दाखला आणि पडताळणी उरका. नॉन-क्रिमीलेअर बारावीची परीक्षा झाल्यावर, एप्रिलमध्ये नवीन आर्थिक वर्ष लागलं की लगेच काढा. मेअखेरीला सेतूवर झुंबड उडते.

जेईईतून आयआयटी-एनआयटी किंवा नीटच्या अखिल भारतीय कोट्यासाठी हे कागद चालत नाहीत. केंद्रात वि.जा.-भ.ज. असा वेगळा गटच नाही, तिथे इतर मागासवर्गात २७ टक्क्यांत अर्ज करायचा. त्यासाठी केंद्राच्या यादीतली आपल्या जातीची नोंद तपासून केंद्राच्याच नमुन्यात प्रमाणपत्र घ्यावं लागतं, चालू आर्थिक वर्षातलं. उपविभागीय कार्यालयात अर्ज करताना 'केंद्र शासनाच्या नमुन्यात' हे शब्द लिहिले नाहीत तर राज्याचंच हातात पडतं.

प्रवेशाच्या वेळी वैधता नसेल तर? काही वर्षी शासनाने पडताळणी अर्जाची पावती आणि हमीपत्र घेऊन प्रवेश दिले, वैधता आणायला मुदत दिली. त्या मुदतीत न आणलेल्यांची राखीव जागा गेली. दर वर्षी अशी सवलत निघेल हे धरून चालू नका. वि.जा.-अ ला ३ टक्के जागा आहेत. एखाद्या शाखेत ती एखादीच जागा असते, आणि ती कागदाअभावी सोडावी लागणं फार वाईट.

पडताळणीच्या अर्जाला महाविद्यालयाकडून जे लागतं ते असं: नमुना १५-ए, प्राचार्यांची सही आणि गोल शिक्का. विद्यार्थ्याचा ऑनलाइन अर्ज नमुना १६. दोन शपथपत्रं, नमुना ३ वंशावळीचं आणि नमुना १७. विद्यार्थी अठरा वर्षांखालचा असेल तर शपथपत्र पालकांनी करायचं. मुलाने स्वतः सही केलेली शपथपत्रं परत आलेली पुष्कळ आहेत. आणि ही शपथपत्रं साध्या कागदावर चालतात. जात, उत्पन्न, रहिवास यांच्या दाखल्यांसाठीच्या शपथपत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे. तरीही पालकांकडून पाचशेचा स्टँप विकत घ्यायला लावणारे लोक कार्यालयांबाहेर बसलेले असतात. मजुरी करणाऱ्या घरात पाचशे रुपये म्हणजे एका दिवसाची कमाई आहे, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

महाडीबीटीबद्दल (राज्याचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) तीनच गोष्टी. वि.जा.-भ.ज. च्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा आहे. त्याच्या वर असाल तर शिक्षण शुल्क-परीक्षा शुल्काची वेगळी योजना निवडायची. चुकीची योजना निवडली की अर्ज बाद होतो आणि मुलाला वाटतं आपण अपात्र. दुसरं, पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर जात नाहीत, आधारशी शेवटचं जोडलेलं जे खातं असेल त्यावर जातात. गावाकडे लहानपणी उघडलेलं, बंद पडलेलं खातं जोडलेलं असेल तर हप्ता परत जातो. बँकेत जाऊन चालू खातं आधारला जोडून घ्या, नुसतं केवायसी करून भागत नाही. तिसरं, अर्ज भरल्यावर दर आठवड्याला आत जाऊन बघा. त्रुटी काढून परत पाठवलेला अर्ज तसाच पडून राहतो, मुदत संपते.

ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेत वसतिगृह न मिळालेल्या वि.जा.-भ.ज., इमाव (इतर मागासवर्ग) विद्यार्थ्यांना पुण्या-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात. पण ज्या शहरात शिक्षण, त्याच शहरात घर असेल तर नाही. तुमच्या मुलांना पुण्याबाहेर प्रवेश मिळाला तर लक्षात ठेवा.

---

वर्गशिक्षक_विज्ञान

फार उपयोग झाला. शेवटचं एकच. इतकं करूनही दाखला किंवा वैधता नाकारली गेली तर?

---

दक्षता_चौकशी

दोन वेगळे टप्पे आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

उपविभागीय अधिकाऱ्यांनी दाखलाच नाकारला तर जात प्रमाणपत्र कायद्याच्या कलम ५ खाली ३० दिवसांत अपील. ३० दिवस आदेश मिळाल्यापासून धरतात, म्हणून आदेश लेखी घ्या आणि पाकिटावरची किंवा पोचेवरची तारीख जपून ठेवा. 'तोंडी सांगितलं, नाही होणार' याला अपील नसतं.

समितीच्या टप्प्यावर नकार एकदम येत नाही. दक्षता अहवाल विरोधात असेल तर त्याच्या प्रतीसह कारणे दाखवा नोटीस येते. खरी लढाई इथेच असते. नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, मुलगा परीक्षेत असतो, तारीख निघून जाते आणि समिती आहे त्या कागदांवर निर्णय देते. म्हणून अर्जात पालकांचा चालू मोबाइल आणि आजचा पत्ता द्या, घर बदललं तर लेखी कळवा. उत्तरात अहवालातल्या प्रत्येक विरोधी नोंदीला एकेक करून उत्तर द्या. 'अहवाल मान्य नाही' एवढ्याने काही होत नाही. अहवालात '१९५८ च्या नोंदीतील व्यक्तीशी नाते सिद्ध होत नाही' असं असेल तर नाते जोडणारा कागदच द्यायला हवा. वेळ हवा असेल तर सुनावणीच्या तारखेला हजर राहून लेखी मुदत मागा.

समितीचा अंतिम आदेश विरोधात गेला तर त्यावर अपील नाही, थेट उच्च न्यायालयात रिट याचिका. सोलापूरच्या समितीचा आदेश असेल तर ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जायचं, मुंबईला नाही. वकिलाच्या फीची चिंता असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तुमच्या विद्यार्थिनींसाठी ते लागू आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांनाही तो तसाच मिळतो, त्याहून मोठ्या मुलांसाठी उत्पन्नाची मर्यादा पाहावी लागेल. आदेशाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागा. प्रवेशाच्या हंगामात न्यायालय सर्वांत आधी विचारतं ते हेच की आदेश कधी मिळाला आणि इतके दिवस कुठे होतात.

---

अभिलेखकक्ष

सर, तहसीलला जाताना मुलांसोबत घरातलं एक जुनं माणूस जरूर पाठवा. नोंदवहीत 'मौजे' म्हणून आलेलं नाव आजच्या नकाशावर सापडत नाही, वाडी वेगळी झालेली असते, गाव उजनीच्या पाण्याखाली गेलेलं असतं. करमाळा-माढ्याकडची कुटुंबं असतील तर हे हमखास. अशा वेळी पुनर्वसित गावाच्या नावाने शोधलं की काहीच निघत नाही, जुन्या गावाच्या नावानेच वही मागायची.